मधल्या पानांचा डाव

दिवाळीच्या पाडव्याला द्यूतप्रतिपदा असेही नाव आहे. आमच्या किलवणीच्या गुजराती शेजाऱ्यांचे पत्ते त्याआधीच, श्रावणातल्या सातम-आठमला बाहेर निघतात. मुहूर्त दोन असले तरी खेळ एकच, तीन पत्ती. तीन एक्के आले तर विचार करावा लागत नाही, आणि काहीच आले नाही तरी फारसा नाही. माणसाची परीक्षा पाहते ती दुर्री-तिर्रीची किरकोळ जोडी. शिवाय तीन पत्तीत चाल करा नाहीतर पॅक व्हा. नुसते थांबण्याची सोय नाही. पोकरमध्ये ती आहे. आधी कोणी पैसे लावले नसतील तर आपणही न लावता डाव पुढे सोपवायचा. याला 'चेक' म्हणतात.

ही सोय कधी वापरावी, याचा विचार गणिती जॉन फॉन नॉयमन यांनी केला. ऑस्कर मॉर्गेनस्टर्न यांच्यासह १९४४ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात त्यांनी पोकरचे एक सोपे रूप तपासले. निष्कर्ष चमत्कारिक वाटतो: उत्तम पानांवर पैसे लावा, अगदी तळाच्या पानांवरही लावा, पण मधल्या पानांवर चेक करा. कारण साधे आहे. मधल्या पानांवर पैसे लावले की कमजोर गडी उठून जातो आणि समोर उरतो तो जबर पानांचा. म्हणजे जिंकलो तर थोडे, हरलो तर पुष्कळ.

हा नियम मला आमच्या हवेलीच्या इतिहासात स्पष्ट दिसतो. १७७९ च्या पुणे तहाने पेशव्यांनी पोर्तुगिजांना बारा हजार रुपये उत्पन्नाचा मुलूख देऊ केला. त्यातून नगर हवेली आणि दादरा त्यांच्याकडे गेले. १९५४ साली तिथे तीन गडी बसले होते. स्वयंसेवकांचे हात तळाचे: माणसे थोडी, शस्त्रे त्याहून थोडी. तरी त्यांनीच डाव वाढवला. २२ जुलैला युनायटेड फ्रंट ऑफ गोवन्सने दादरा घेतला. २८ तारखेला आझाद गोमंतक दल आणि राष्ट्रीय स्वयंसेवक संघाच्या कार्यकर्त्यांनी नरोली घेतली आणि २ ऑगस्टला सिल्वासा. हा पैशांचा खेळ नव्हता. दादऱ्यात पोलीस अधिकारी अनिसेतो रोझारियो प्राणाला मुकला.

मधली पाने होती कॅप्टन फिदाल्गोकडे. सुमारे दीडशे शिपाई स्वयंसेवकांना पुरले असते. पण चारी बाजूंनी भारत, आणि दमणहून येणारी वाट भारताने रोखलेली. लढाई पेटवली असती तर स्वयंसेवक कदाचित पांगले असते, आणि समोर भारत सरकार उभे राहिले असते. तो खानवेलकडे हटला आणि ११ ऑगस्टला उधव्याला भारतीय पोलिसांच्या स्वाधीन झाला. आपल्याकडे याला पळपुटेपणा म्हणतात. मला ते पटत नाही. मुलूख तसाही जाणारच होता. त्याने शिपायांचे जीव त्यावर लावले नाहीत.

दिल्लीनेही चेकच केले. हवेलीत लष्कर धाडले नाही, की लगेच विलीनीकरणही केले नाही. कारभार वरिष्ठ पंचायतीकडे राहिला. पोर्तुगालने १९५५ च्या डिसेंबरात हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात दावा लावला. १२ एप्रिल १९६० च्या निकालाने नागरिक, मुलकी अधिकारी आणि माल यांच्या ये-जा करण्याचा पोर्तुगालचा हक्क मानला. सशस्त्र दले व शस्त्रे यांचा मानला नाही. हे दुसरे मत आठ विरुद्ध सात असे पडले. वाट रोखून भारताने कर्तव्यभंग केला नाही, हेही न्यायालयाने नऊ विरुद्ध सहा मतांनी ठरवले. ११ ऑगस्ट १९६१ ला हवेली भारतात विलीन झाली.

लष्कर घुसले असते तर ते एक मत कुठे गेले असते, याचा विचार करावा. आपल्याकडे सत्कार होतात ते डाव वाढवणाऱ्यांचे, आणि ते योग्यच आहे. पण सात वर्षे हात आखडून बसणाऱ्यांचेही हवेलीवर थोडे ऋण आहे.