'रात्री कडी वाजली'
ही झडती नव्हे, हजेरी. पोलिसांच्या 'हिस्ट्रीशीट'वरचा माणूस घरीच आहे ना, हे पाहायला उत्तर प्रदेशात शिपाई अपरात्री दार ठोठावत. वॉरंट लागत नसे. पोलीस नियमावलीचे कलम २३६ (ब) पुरे होई. १९४१ च्या दरोडा प्रकरणातून खडकसिंग पुराव्याअभावी सुटले, तरी त्यांची हिस्ट्रीशीट उघडली गेली आणि फेऱ्या सुरू झाल्या. त्यांच्याच याचिकेवर डिसेंबर १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या भेटी घटनाबाह्य ठरवल्या आणि त्याच निकालात, बहुमताने, खासगीपणा हा मूलभूत हक्क नसल्याचेही सांगून टाकले! न्या. सुब्बाराव यांचे भिन्नमत अधिक सरळ होते. याच न्यायालयाच्या पुट्टस्वामी निकालाने (२०१७) बहुमताचा तो भाग पुसला. झडतीचे वेगळे: जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १६५ नुसार तपास अधिकारी तातडीच्या प्रसंगी वॉरंटविना घरात शिरू शके, मात्र कारणे आधी लिहून.