स्कर्टिंग

भिंत आणि फरशी जिथे मिळतात तिथे भिंतीच्या पायथ्याशी बसवलेली टाइल, दगड, लाकूड किंवा प्लास्टिकची पट्टी. फरशीची कापलेली कड आणि गिलाव्याची खालची ओबडधोबड रेघ तिच्याआड जाते. पुसण्याच्या ओल्या फडक्यापासून, झाडूपासून आणि कपाट सरकवताना बसणाऱ्या धक्क्यांपासून भिंतीचा रंगही वाचतो. मातीच्या घरांत सारवण भिंतीवर थोडे चढवून वर कावेचा किंवा गेरूचा पट्टा ओढत. तोही याच कामाचा.

महाराष्ट्रातल्या घरांत फरशी रोज पाण्याने पुसली जाते, त्यामुळे टाइल किंवा कोटा, ग्रॅनाइट, संगमरवर यांसारखा दगडच इथे खरा उपयोगी. एमडीएफची पट्टी पाण्याने फुगते. साध्या लाकडाला कोकणात दमटपणा आणि वाळवी दोन्ही नडतात. लाकडी किंवा लॅमिनेटची जमीन असेल तर गोष्ट वेगळी. अशी जमीन हवेतल्या ओलाव्याने फुगते-आक्रसते, म्हणून भिंतीलगत साधारण १० मिमी जागा मोकळी सोडावी लागते. ती झाकणारी पट्टी भिंतीला ठोकतात, जमिनीला कधीच नाही. नाहीतर जमीन अडकून मधोमध उचलली जाते.

उंची बहुधा ४ इंच. छत उंच असेल तर ६ इंच शोभते, लहान खोल्यांत ३ इंचही पुरते. उंचीपेक्षा महत्त्वाचा निर्णय म्हणजे पट्टी भिंतीच्या पुढे येऊ द्यायची की भिंतीशी समपातळीत बसवायची. पुढे आलेल्या पट्टीच्या माथ्यावर धूळ साचते आणि कपाट भिंतीला टेकत नाही. समपातळी हवी तर गिलावा त्या उंचीवरच थांबवावा लागतो, कारण टाइल आणि तिच्यामागचा चिकट थर मिळून जवळजवळ गिलाव्याइतकी जाडी होते. घरमालकाला हा प्रश्न विचारला जातो तो बहुतेक वेळा फरशी झाल्यावर, आणि तेव्हा तयार भिंत छन्नीने फोडण्यावाचून मार्ग उरत नाही. तो गिलाव्याआधीच विचारला गेला पाहिजे.

मोजणी रनिंग फुटांत होते. १० × १२ फुटांच्या खोलीचा घेर ४४ फूट; ३ फुटांचे एक दार वजा केले की ४१ उरतात. २ फुटी चौरस टाइलमधून जेमतेम ४ इंची ६ पट्ट्या निघतात, म्हणजे २१ तुकड्यांसाठी ४ टाइल. तूटफूट धरून एखादी जास्तीची घ्यावी, तीही फरशीच्याच बॅचमधली. पुढच्या बॅचमध्ये रंगछटा बदलू शकते. मधल्या पट्ट्यांच्या दोन्ही लांब कडा कापलेल्या असतात. ग्लेझ्ड टाइलची अशी कड वरच्या बाजूला आली की आतला वेगळा रंग उघडा पडतो, म्हणून ती कड घासून पॉलिश करून घ्यावी.

बसवताना आधी फरशी, मग स्कर्टिंग. गुळगुळीत किंवा रंगवलेली भिंत खडबडीत करून घेतात, लेव्हल पाहून दोरी लावतात आणि पट्टीचे सांधे फरशीच्या सांध्यांशी जुळवतात. व्हिट्रिफाइड टाइल ०.५ टक्क्याहूनही कमी पाणी शोषते. नुसत्या सिमेंटवर ती नीट धरत नाही, टाइल अॅडेसिव्हच वापरावे. बाहेर आलेल्या कोपऱ्यावर दोन्ही तुकडे ४५ अंशांत कापून जोडतात, आतल्या कोपऱ्यात एक दुसऱ्याला सरळ भिडवला तरी चालतो. जुन्या घरांत कोपरे क्वचितच काटकोनात असतात, म्हणून कापण्याआधी प्रत्येक कोपऱ्याला गुण्या लावून पाहावा. दुसऱ्या दिवशी पट्टीवर बोटाने टकटक करावी. पोकळ आवाज आला तर तो तुकडा काढून पुन्हा बसवावा.

बाल्कनीत वॉटरप्रूफिंगचा थर आधी भिंतीवर सुमारे फूटभर चढवून मगच त्यावर स्कर्टिंग लावतात. रुग्णालयांत पायथ्याशी गोलाई देतात, म्हणजे कोपऱ्यात घाण अडकत नाही आणि फडके सलग फिरते.