चॉकलेटची तलफ आणि ‘संदर्भ हवा’

चॉकलेट खाण्याची अनावर इच्छा झाली, की शरीरात मॅग्नेशियम कमी पडले असे समजावे, हे विधान गेली अनेक वर्षे आरोग्यविषयक सदरांतून आणि अलीकडे मोबाइलवरील संदेशांतून फिरत आले आहे. वृत्तपत्रांच्या पुरवण्यांनीही त्याला हातभार लावला, हे मान्य करावयास हवे. हेच विधान मराठी विकिपीडियावरील एखाद्या लेखात कोणी लिहिले, तर त्याची तपासणी कशी होते आणि कशी व्हावी, हा प्रश्न वरकरणी किरकोळ वाटला तरी तसा नाही.

मराठी विकिपीडियाची सुरुवात १ मे २००३ रोजी, म्हणजे महाराष्ट्रदिनी झाली. मराठीला कोशांची परंपरा तेव्हाही नवी नव्हती. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांचा २३ खंडांचा ज्ञानकोश आणि तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली वाईत आकाराला आलेला मराठी विश्वकोश हे तिचे दोन मोठे टप्पे. विश्वकोश मंडळाचे एक कार्यालय दीर्घकाळ प्रभादेवीच्या रवींद्र नाट्यमंदिराच्या इमारतीत राहिले, त्यामुळे दादर-परळकरांना हे नाव परिचित आहे. विश्वकोशात नोंद तज्ज्ञ लिहितो, संपादक तपासतो आणि मग ती छापली जाते. विकिपीडियात हा क्रम उलटा आहे. मजकूर आधी प्रसिद्ध होतो, तपासणी नंतर सुरू होते आणि ती करणारे विनावेतन काम करतात. नोव्हेंबर २०११ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या फोर्ट संकुलात देशभरातील अशा स्वयंसेवकांची तीन दिवसांची परिषद भरली होती. विकिपीडियाचे सहसंस्थापक जिमी वेल्स तिला उपस्थित होते.

तपासणीची साधने साधी आहेत. ‘अलीकडील बदल’ या पानावर प्रत्येक फेरफार दिसतो. लेखाच्या ‘इतिहास’ पानावर जुनी प्रत्येक आवृत्ती जपलेली असते, तर मतभेद ‘चर्चा’ पानावर मांडले जातात. आधार नसलेल्या वाक्यापुढे ‘संदर्भ हवा’ अशी खूण केली जाते. या खुणेचा अर्थ वाक्य खोटे आहे असा नव्हे. वाक्य खरे की खोटे हा निवाडा स्वयंसेवकाने स्वतःच्या ज्ञानावर करावयाचा नसतो; दिलेला संदर्भ ते वाक्य पेलतो का, एवढेच त्याने पाहावयाचे असते. परळच्या एखाद्या रुग्णालयातील अनुभवी डॉक्टरांनी ‘आमच्या रुग्णांत असे आढळते’ म्हटले, तरी ते छापील स्वरूपात पडताळता आल्याखेरीज पुरत नाही. वैद्यकीय विषयांत तर एकट्या प्रयोगापेक्षा अनेक प्रयोगांचा आढावा घेणारे लेखन अधिक ग्राह्य धरतात. वृत्तपत्रातील बातमी इथे दुबळा आधार समजली जाते.

या कसोटीवर मॅग्नेशियमचे विधान फार काळ टिकत नाही. १०० ग्रॅम मिल्क चॉकलेटमध्ये सुमारे ६० मिलिग्रॅम मॅग्नेशियम असते, तर तेवढ्याच तिळात त्याच्या पाचपटीहून अधिक. तरीही संक्रांत सोडून एरवी कोणाला तिळाची तलफ आल्याचे ऐकिवात नाही. दुसरे लोकप्रिय स्पष्टीकरण चॉकलेटमधील रसायनांचे. मेंदूतील सुखद संवेदनांशी संबंधित द्रव्यासारखे काही घटक चॉकलेटमध्ये आढळल्याचे १९९६ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले आणि त्याचा गाजावाजा झाला. मात्र घटक आढळणे आणि त्यांमुळे तलफ येणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. मिशनर आणि रोझिन या अमेरिकी संशोधकांनी १९९४ मध्येच एक साधा प्रयोग केला होता. तलफ आलेल्यांना मिल्क चॉकलेट, कोकोची भुकटी नसलेले पांढरे चॉकलेट किंवा कोकोची भुकटी भरलेल्या कॅप्सूल देण्यात आल्या. मिल्क चॉकलेटने तलफ सर्वाधिक शमली, पांढऱ्याने काही प्रमाणात शमली, कॅप्सूलचा उपयोग झाला नाही. रसायने पोटात गेली, पण चव, वास आणि जिभेवर विरघळणे हे काही मिळाले नाही.

मराठी लेखासाठी त्याहून महत्त्वाचे संशोधन २०१७ चे आहे. मासिक पाळीच्या सुमारास चॉकलेटची तलफ येते का, असे अमेरिकेतील २७५ तरुणींना विचारण्यात आले. परदेशात जन्मलेल्यांपैकी १७.३ टक्क्यांनी होकार दिला, अमेरिकेत जन्मलेल्या आईवडिलांच्या मुलींपैकी ३२.७ टक्क्यांनी, तर स्थलांतरितांच्या दुसऱ्या पिढीतील ४०.९ टक्क्यांनी. केवळ संप्रेरके हेच कारण असते, तर एवढा फरक पडता ना. इजिप्तमधील पाहणीतही लोकांची ओढ गोडापेक्षा खाऱ्या-तिखट पदार्थांकडे अधिक दिसली होती. तेव्हा इंग्रजी लेखातील ‘स्त्रियांना चॉकलेटची तलफ येते’ हे वाक्य जसेच्या तसे मराठीत उतरविले, तर ज्यांची पाहणी झालीच नाही अशा गिरगाव-लालबागच्या स्त्रियांविषयी ते एक विधान होऊन बसते. भाषांतरित लेख तपासताना हीच गोष्ट सर्वांत सहज निसटते, कारण संदर्भ खालीच दिलेला असतो.

शब्दाचाही प्रश्न आहेच. ‘तलफ’ म्हटले की गिरणगावच्या कानाला चहा आणि तंबाखू आठवते. ‘डोहाळे’ हा शब्द गर्भवतीपुरता. त्याचे मूळ संस्कृत ‘दोहद’मध्ये असून सुश्रुतसंहिता चौथ्या महिन्यातील गर्भवतीला दोन हृदयांची म्हणते आणि तिच्या इच्छा पुरवाव्यात असे सांगते. लेखाच्या इतिहासविषयक भागात हा उल्लेख शोभेल. वैद्यकीय पुरावा म्हणून तो चालणार नाही.

हे सारे काटेकोरपणे पाहावयाचे ते एका कारणासाठी. ‘इच्छा म्हणजे शरीराची गरज’ हा समज बळावला, की माती, पाटीवरची पेन्सिल किंवा बर्फ खाण्याची ओढही डोहाळ्यांतच जमा होते. प्रत्यक्षात अशा अखाद्य वस्तूंच्या ओढीचा लोहाच्या कमतरतेशी संबंध वारंवार आढळला आहे आणि रक्ततपासणी करून घेणे इष्ट ठरते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात १५ ते ४९ वयोगटातील ५४.२ टक्के स्त्रियांना रक्तक्षय होता. चॉकलेटच्या आणि मातीच्या ओढीला एकाच परिच्छेदात, एकाच स्पष्टीकरणाखाली बसविणारा लेख अशा वाचक स्त्रीला डॉक्टरकडे जाण्यापासून परावृत्त करू शकतो.

मराठीत अशा लेखांवर लक्ष ठेवणारे हात इंग्रजीच्या तुलनेत फारच थोडे आहेत, त्यामुळे एखादे चुकीचे वाक्य दीर्घकाळ तसेच राहू शकते. वाचकाला स्वतःला मात्र खाते न उघडताही ‘इतिहास’ पाहून ते कधी घुसले हे शोधता येते. वर उल्लेखिलेले २०१७ चे संशोधन ‘प्लॉस वन’ या नियतकालिकात असून ते कोणालाही विनामूल्य वाचता येते.