वालूरला याल तेव्हा

परभणी जिल्ह्यातलं जुनं गाव बघायचंय, असं कुणी म्हणालं की मी त्याला सेलू स्टेशनावर उतरायला सांगतो आणि तिथून वालूरला घेऊन जातो. सेलूचा मोंढा मोठा, पण तो फोफावला रेल्वेमुळे. 1900 च्या सुमारास निजामाच्या राज्यातून मनमाडला जोडणारा लोहमार्ग झाला. कापूस स्टेशनाकडे वळला, त्याच्यामागे जिनिंग आणि आडतीची दुकानं आली. वालूर रुळांपासून लांब, आत राहिलं.

त्याआधीचा काळ बैलांचा. धान्य नि मीठ लादून बंजाऱ्यांचे तांडे दख्खनभर फिरत. तांडा असो की यात्रेकरू, मुक्काम ठरायचा तो पाणी बघून. आणि पाणी वालूरनं मोठ्या हौसेनं बांधून काढलेलं आहे.

इथली चक्राकार बारव आधी काठावर उभं राहून बघा. पायऱ्या सरळ खाली जात नाहीत. भोवऱ्यासारख्या गरगरत तळाकडे उतरतात. आडाला दोर-पोहरा लागतो, पाणी खोल गेलं की दोर वाढवावा लागतो. बारवेत माणूसच पाण्यापर्यंत जातो. श्रावणात चार पायऱ्या उतरल्या तरी घागर बुडते, वैशाखात तळ गाठायचा. मराठवाड्यात बारवा पुष्कळ आहेत, जिंतूर तालुक्यातल्या चारठाण्यातही देखण्या आहेत; पण अशी फिरती रचना विरळाच. ती आखणाऱ्या पाथरवटाचं नाव कुठे राहिलं नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

वाल्मीकी ऋषींनी इथं तप केलं, अशी गावाची श्रद्धा आहे. वाल्मीकेश्वराचं दर्शन घ्या, तिथल्या म्हाताऱ्यांजवळ बसा. ते सांगतील ते माझ्या सांगण्यापेक्षा गोड असेल.

नळ आले, बोअर आले, तशा गावोगावच्या बारवा गाळानं आणि कचऱ्यानं भरल्या. वालूरची ही बारवही त्यातून सुटली नव्हती. गावकऱ्यांनी श्रमदान करून, घमेली उपसून ती मोकळी केली. सरकारी फलकाची वाट न पाहता झालेलं हे काम मला बारवेच्या बांधकामाइतकंच मोलाचं वाटतं.

शक्यतो उन्हाळ्यात सकाळी या, तेव्हा जास्त पायऱ्या उघड्या असतात. लेकरांचा हात धरा, कठडा नाही असं समजूनच चाला. पाण्याची बाटली, पुडीचा कागद आत टाकू नका. आणि घरी गेल्यावर आपल्या गावची बुजलेली बारव कुठे आहे, ते एकदा शोधा.