शहापूर-मुरबाडमधील आदिवासी नोंदी : इतिहास आणि संशोधकाचे उत्तरदायित्व

जातजमातीची नोंद केवळ आकडेवारी नसते. ती कोण करतो आणि कशासाठी वापरतो, यावर तिचे परिणाम अवलंबून असतात. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अशाच नोंदींच्या आधारे संपूर्ण समूहांना जन्मतः गुन्हेगार ठरविले. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. पुढे अनुसूचित जमातींच्या यादीमुळे नोंद हाच हक्काचा आधार बनला.

तथापि ही साधने सावधपणे वापरावी लागतात. यादीत ‘क’ ठाकूर व ‘म’ ठाकूर एकाच नोंदीखाली येतात. त्यामुळे त्यांच्यातील भेद झाकला जातो. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाल्याने २०११ च्या जनगणनेतील ठाणे जिल्ह्याचे आकडे आजच्या जिल्ह्याशी थेट ताडता येत नाहीत. म्हणून शहापूर व मुरबाड तालुक्यांचे स्वतंत्र आकडेच घेणे इष्ट होय.

प्रश्न गोपनीयतेचाही आहे. जनगणनेतील वैयक्तिक नोंदींना १९४८ च्या कायद्याचे संरक्षण आहे; संशोधकाच्या प्रश्नावलीला त्या कायद्याचे संरक्षण नाही. वीस उंबऱ्यांच्या कातकरवाडीत नाव वगळले, तरी वय आणि वीटभट्टीवर घेतलेली उचल यांवरून कुटुंब ओळखू येते. ही माहिती भट्टीमालकापर्यंत पोहोचल्यास त्या कुटुंबाचे पुढील हंगामाचे काम जाऊ शकते.

सबब आवश्यक तेवढीच माहिती घ्यावी, नावांची यादी स्वतंत्र ठेवावी, लहान वाड्यांचे आकडे एकत्र करूनच प्रसिद्ध करावेत आणि संमती माहितीदाराच्या बोलीत समजावून घ्यावी. विषमता सिद्ध करणाऱ्या नोंदीनेच माहितीदाराचे अहित होऊ नये, हीच संशोधनाची किमान अट होय.