पाणी टेलला पोचलं का?

कालव्याला पाण्याचं आवर्तन सुटलं की कालव्याच्या शेवटाकडचा शेतकरी एकच विचारतो, "पाणी टेलला पोचलं का?" नाशिक जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांच्या पाणीवापर संस्था या प्रश्नातून जन्मल्या.

दिंडोरी तालुक्यात कोलवण नदीवर वाघाड धरण. निफाड तालुक्यातलं ओझर त्याच्या कालव्याच्या टेलला. कागदावर टेलचा हक्क हेडइतकाच, म्हणजे कालव्याच्या तोंडाशी असलेल्यांइतकाच. पण वरच्याने रात्री चारीत दगड-माती टाकून पाणी आपल्या शेतात वळवलं, की खालच्याची पाळी बुडाली. ना सभा, ना ठराव. दारं धरायला आलेला माणूस कोरड्या चारीत बॅटरी मारत पहाटेपर्यंत बसून राहतो. एका माणसाचा न बोललेला नकार साऱ्या शिवाराला भोवतो.

बापू उपाध्ये आणि भरत कावळे यांच्या समाज परिवर्तन केंद्राने 1990-91च्या सुमारास नेमक्या याच टेलला तीन संस्था उभ्या केल्या: महात्मा फुले, बाणगंगा आणि जय योगेश्वर. पाटबंधारे खात्याकडून पाणी मोजून घ्यायचं, आपसात आपणच वाटायचं.

अडचण नियमातच होती. सहकार कायद्याखालची संस्था ऐच्छिक; 51 टक्के लाभधारक आले की ती उभी राहायची. न आलेल्यांची शेतंही त्याच चारीवर! सभेत बहुमत चाले, चारीवर मात्र बाहेर राहिलेला एकटाही ते मोडू शके. महाराष्ट्राच्या 2005च्या सिंचन कायद्याने लाभक्षेत्रातला प्रत्येक जमीनधारक सभासद ठरवला, आणि संचालक मंडळात हेड, मध्य व टेल यांना सारख्या जागा दिल्या. मला ही दुसरी तरतूद मोठी वाटते. नुसती डोकी मोजली असती तर टेल कायम हरला असता.

बहुमत आणि एकट्याचा नकार यांची हीच गाठ सॉफ्टवेअरच्या जगात, खुलं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या अपाची फाउंडेशनलाही सोडवावी लागली. तिथे कोडमधला बदल एका हक्कदार सदस्याच्या 'उणे एक' या नकाराच्या मताने अडतो, पण त्याला तांत्रिक कारण द्यावंच लागतं. नवी आवृत्ती काढताना मात्र बहुमत चालतं, एकट्याचा नकार नाही. नकार कारणासकट आणि सर्वांसमोर द्यायचा, हे चारीवरही हवं.

टेलच्या तीन संस्थांपासून सुरू झालेलं काम वाढत गेलं; 2003 साली वाघाडवरच्या 24 संस्थांनी एकत्र येऊन प्रकल्पस्तरीय संस्था उभी केली. तुमच्या चारीवर संस्था असेल, तर आवर्तनाआधीच्या सभेला जा आणि शेजपाळीची, म्हणजे कुणाला कधी पाणी याची, यादी टेलपासून वाचायला लावा.