दाभाडी प्रबंध

शेतकरी कामगार पक्षाने १९५० साली नाशिक जिल्ह्यातील मालेगाव तालुक्यात, दाभाडी येथील अधिवेशनात स्वीकारलेला धोरणविषयक दस्तऐवज. शंकरराव मोरे, केशवराव जेधे प्रभृतींनी १९४७ मध्ये काँग्रेसच्या अंतर्गतच गट म्हणून संघटित केलेला हा पक्ष, अंतर्गत पक्षांना काँग्रेसने मज्जाव केल्यावर १९४८ मध्ये स्वतंत्र झाला. परंतु सत्यशोधक आणि ब्राह्मणेतर चळवळींच्या संस्कारांत वाढलेले, सावकारी, खोती व सारा यांच्या जाचाने पिडलेल्या रयतेशी जवळीक असलेले हे कार्यकर्ते कोणत्या तत्त्वज्ञानाच्या आधारे एकत्र नांदणार, हा प्रश्न काँग्रेसत्यागाने सुटला नव्हता. प्रबंधाने त्याचे उत्तर मार्क्सवाद-लेनिनवादात शोधले आणि पक्षाला साम्यवादी परिभाषा दिली, तरी कम्युनिस्ट पक्षात विलीन होण्याचे मात्र टाळले. ग्रामीण सभासदाच्या अनुभवाला या परिभाषेत कितपत वाव मिळाला, याविषयी शंका घेण्यास जागा आहे. जातिविषयक अन्यायाची जुनी मांडणी वर्गसंघर्षाच्या सिद्धांतात बसवताना तिची धार बोथट झाली, असे प्रस्तुत लेखकास वाटते. तत्त्वनिष्ठेचा आग्रह ऐक्यास पोषक ठरला नाही: दत्ता देशमुख यांच्यासारखे डावे कार्यकर्ते वेगळे झाले, तर मोरे व जेधे कालांतराने काँग्रेसमध्ये परतले. पक्ष मात्र टिकला. संयुक्त महाराष्ट्र समितीत तो प्रमुख घटक होता, आणि रायगड व सांगोला येथे त्याचा प्रभाव प्रबंधातील सिद्धांतापेक्षा पाणी, जमीन व स्थानिक नेतृत्व यांवर अधिक अवलंबून राहिला.